दौंडचं इंजिन फिरवायला किती जागा लागते?

कानात हेडफोन घालून ऐकत असाल तर एक विनंती. आज जवळ कागद-पेन्सिल ठेवा, मापं बरीच येणार आहेत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा सगळा मजकूर इथे आहेच.

आजचा विषय आहे छोट्या जागेतला, सुटा करून उचलून नेता येईल असा मॉडेल रेल्वेचा लेआउट. लेआउट म्हणजे रूळ, स्टेशन, झाडं, घरं असं सगळं मिळून एका फळीवर उभं केलेलं छोटं जग. खेळण्यातली गोल फिरणारी गाडी वेगळी आणि हे वेगळं. इथे एखादी खरी जागा निवडायची आणि तिथली रेल्वे जशी चालते तशी ती मापात चालवायची.

माझी जागा आहे दौंड. राहतो मात्र शिरूरला. शिरूरला, म्हणजे आमच्या घोडनदीला, रेल्वे नाही. पुणे-नगर रस्ता आहे, रांजणगावची एमआयडीसी आहे, एसटी आहे, पण रूळ नाही. गाडी पकडायची तर पुणे, नगर नाहीतर दौंड. मी वाढलो दौंडला, कारण वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. जुन्या भाषेत सांधेवाले. नोकरीसाठी मी शिरूरला आलो. भाड्याची खोली, तिसरा मजला, दहा बाय दहा. अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालक काय म्हणतील ते त्यांनाच ठाऊक. आणि अण्णा, म्हणजे वडील, अजून दौंडलाच असतात. त्यांचे गुडघे गेलेत, त्यामुळे तीन जिने चढून माझ्याकडे येणं त्यांना होत नाही.

म्हणजे अट सरळ आहे. अण्णा लेआउटकडे येऊ शकत नाहीत, तर लेआउटनेच अण्णांकडे जायचं. उद्या खोली सोडावी लागली तर तेव्हाही तो मोडायचा नाही, उचलायचा. तुमच्यापैकी बरेच जण पीजीत, हॉस्टेलवर किंवा भाड्याने राहत असाल. तुमचीही अट साधारण हीच असणार.

मॉडेल रेल्वे म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव येतं कोथरूडच्या जोशी म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वेजचं. दिवंगत बी. एस. जोशी यांनी ते उभं केलं आणि 1 एप्रिल 1998 ला ते लोकांसाठी खुलं झालं. पाहिलं नसेल तर एकदा जाऊन याच. या म्युझियमच्या आधी जोशींनी गावोगावी नेता येईल असा फिरता लेआउट करण्याचाही विचार केला होता. पण नाजूक भागांची ने-आण अवघड होती म्हणून तो सोडून दिला आणि पुढे एका जागी कायमचं म्युझियम झालं. इतक्या अनुभवी माणसाला जे अवघड वाटलं, ते आपण दहा बाय दहाच्या खोलीतून करायला निघालोय. म्हणून आधी विचार, मग करवत.

पहिला प्रश्न लोक विचारतात तो स्केलचा. मी तो दुसरा ठेवतो. माझा पहिला प्रश्न असतो की तुमच्या लेआउटवर गाडी नक्की काय करणार?

दौंड जंक्शन अख्खं मांडायला घ्याल तर शाळेचा हॉल पुरणार नाही. पुण्याकडची लाईन, सोलापूरकडची लाईन, मनमाडकडची लाईन, एकेकाळी नॅरोगेज असलेली बारामतीची लाईन, यार्ड, भीमेवरचा पूल. हे सगळं लहान करत बसलात तर प्रत्येक गोष्ट थोडी थोडी येईल आणि दौंड कुठेच दिसणार नाही. त्यामुळे एकच काम निवडायचं, जे दौंडलाच होतं आणि ज्यामुळे दौंड लोकांच्या लक्षात राहिलंय.

ते काम कोणतं, हे झेलमने किंवा आझाद हिंदने पुण्याहून वर गेलेल्या कुणालाही विचारा. इंजिन फिरणं! दौंड-मनमाड लाईन 1878 ची. ती दौंड स्टेशनला पुण्याच्याच बाजूने येऊन मिळते. त्यामुळे सोलापूरकडून मनमाडला जाणारी कर्नाटक एक्सप्रेससारखी गाडी सरळ निघून जाते. पण पुण्याहून मनमाडला जाणारी गाडी दौंडला आली की तिचं तोंड सोलापूरकडे असतं आणि तिला जायचं असतं मागे. मग इंजिन सुटतं, बाजूच्या रुळावरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला येतं, जोडलं जातं आणि गाडी आली त्याच बाजूने बाहेर पडते. आत बसलेला नवखा माणूस घाबरतो, "अहो, गाडी परत पुण्याला चालली की काय?" शेजारचा जाणकार चहाचा घोट घेत म्हणतो, "बसा हो, दौंड आहे."

आता बऱ्याच गाड्या दौंड कॉर्ड लाईनवरून परस्पर वळतात, त्यांना इंजिन फिरवावं लागत नाही. प्रवाशांचा वेळ वाचतो, चांगलंच आहे. पण अण्णांनी उभी नोकरी जे काम केलं, ते डोळ्यांदेखत कमी होत चाललंय. मॉडेलमध्ये मला ठेवायचंय ते हेच काम.

प्रवाशाला वैताग देणारी ही गोष्ट छोट्या जागेतल्या मॉडेलवाल्याला मात्र वरदान आहे. गोल लेआउटला रुंदी लागते, कारण गाडीला वळून परत यायचं असतं. जपानी काटो कंपनीच्या एन स्केलच्या रुळांत नेहमी वापरलं जाणारं एक वळण 282 मिलिमीटर त्रिज्येचं आहे. त्याचा नुसता अर्धा गोल करायचा तरी साधारण दोन फूट रुंद फळी हवी. दौंडला गाडी गोल फिरतच नाही. ती येते, इंजिन फिरतं आणि ती त्याच बाजूने जाते. म्हणजे एक फूट रुंदीची लांबट पट्टी पुरते. शिवाय पुणे आणि मनमाड दोन्ही एकाच टोकाला! पडद्यामागे गाडी लपवायची जागा एकाच बाजूला केली की ती येताना पुणे असते आणि जाताना मनमाड. एका फळीत दोन शहरं झाली.

आता स्केल. एचओ स्केल म्हणजे खऱ्याच्या 87 वा भाग, रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. एन स्केल म्हणजे 160 वा भाग, रुळांमधलं अंतर 9 मिलिमीटर. आपल्या आयसीएफ डब्याची बफरसकट लांबी साधारण 22.3 मीटर. एचओमध्ये तो होतो 25.6 सेंटीमीटर, एनमध्ये 13.9. चार डबे आणि एक जुनं डिझेल इंजिन धरलं तर गाडी एचओमध्ये 122 सेंटीमीटर होते आणि एनमध्ये 67. माझी भिंत 305 सेंटीमीटर. एन स्केल मी निवडलं नाही, भिंतीने निवडलं.

एनची अडचणही सांगतो. भारतीय गाड्यांची तयार मॉडेल एचओमध्ये जास्त सापडतात. एनमध्ये परदेशी चेसिसवर थ्रीडी प्रिंटचं किंवा पुठ्ठ्याचं भारतीय अंग चढवावं लागतं. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. 160 ने भागला तर साडेदहा मिलिमीटर येतो आणि रूळ मिळतो 9 चा. दीड मिलिमीटरचा फरक. बघणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांना तो कळत नाही. शंभरावे अण्णा आहेत, पण त्यांनी चालवून घेतलंय.

चारच डबे का? खरी एक्सप्रेस बावीस-चोवीस डब्यांची असते. आयसीएफचे चोवीस डबे एनमध्ये केले तर नुसते डबेच 3.3 मीटर होतात, म्हणजे खोलीच्या बाहेर. इंजिन फिरण्याचं काम मात्र चार डब्यांवरही तसंच्या तसं दिसतं. लांबी कापा, काम कापू नका.

आता फळ्या. हा लेआउट तीन फळ्यांचा आहे, प्रत्येक 90 सेंटीमीटर लांब आणि 30 रुंद. तीन मिळून 270, भिंत 305, दाराला जागा उरते. 90 का, तर हे माप गाडीवरून नाही, जिन्यावरून आलंय. आमच्या जिन्याच्या वळणावर, एसटीच्या सीटवर आणि मित्राच्या छोट्या कारच्या मागच्या सीटवर जे एका माणसाला धरता येतं ते माप. तुम्हीही लेआउटच्या आधी जिना मोजा.

पहिली फळी म्हणजे पडद्यामागचं पुणे-मनमाड. दुसऱ्या फळीवर स्टेशनचं पुण्याकडचं तोंड, तिथले सांधे आणि प्लॅटफॉर्मचा 40 सेंटीमीटर भाग. तिसऱ्यावर उरलेला 35 सेंटीमीटर प्लॅटफॉर्म, त्यापुढे इंजिन बाजूच्या रुळावर जाण्यासाठी दोन सांधे मिळून 37 आणि टोकाला इंजिन उभं राहायला 15. बेरीज करा, 87. तीन सेंटीमीटर शिल्लक. प्लॅटफॉर्म मिळून 75 झाला आणि गाडी 67 ची. बसते, पण मोजून. असा हिशेब कागदावर जमला नाही तर फळीवर कधीच जमत नाही. माझं ऐका, वर्तमानपत्रं चिकटवून खऱ्या मापाचा नकाशा फरशीवर पसरा, पुठ्ठ्याचे डबे कापून त्यावर सरकवून बघा. संगणक असेल तर एक्सट्रॅककॅड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात रूळ मांडता येतात. तरी फरशीवरचा कागद चुकवू नका.

इथे एक फरक समजून घ्या. आपण करतोय तो सेक्शनल लेआउट, म्हणजे फळ्या एकाच क्रमाने एकमेकींना जुळणार. दुसरा प्रकार मॉड्युलर, ज्यात सगळ्यांच्या फळ्यांची टोकं एका ठरलेल्या मापाची असतात आणि कुणाचीही फळी कुणालाही जुळते. टी-ट्रॅक हा त्यातला टेबलावर मांडायचा सोपा प्रकार, त्याचा एक डबा जेमतेम 31 सेंटीमीटर लांब असतो. चार मित्र मिळून करणार असाल तर मॉड्युलर घ्या. एकटे असाल आणि एक ठराविक जागा मनात असेल तर सेक्शनल.

आता सगळ्यात नाजूक भाग, दोन फळ्यांचा जोड. एनमध्ये अर्धा मिलिमीटर रूळ सरकला तरी चाक उतरतं. मी ज्या कारखान्यात टूलरूमला आहे, तिथे रोज डायचे दोन भाग जुळवतो. तोच नियम इथे लागू आहे. डॉवेल पिन जागा ठरवते, बोल्ट फक्त आवळतो. बोल्टच्या भोकाला नेहमी थोडी मोकळीक असते, त्यामुळे फक्त बोल्टच्या भरवशावर राहिलात तर प्रत्येक वेळी रूळ वेगळ्या जागी येईल. प्रत्येक जोडाला दोन डॉवेल आणि त्यांच्या बुशा घट्ट बसवा, मधे हाताने फिरवता येणारे विंग नटचे दोन बोल्ट. फळ्यांची टोकं एकत्र शिकंज्यात धरून एकदमच भोकं पाडा, म्हणजे मोजमापाची भानगडच राहत नाही.

रूळ घालतानाही तसंच. फळ्या आधी आवळा, मग जोडावरून रूळ अखंड टाका. जोडाच्या दोन्ही अंगाला रुळाखाली तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या पट्ट्या चिकटवा, रूळ त्यांना सोल्डर करा आणि शेवटी पातळ करवतीने नेमका जोडावर रूळ कापा. पट्टीवरचा तांब्याचा थर दोन रुळांच्या मधे खरवडायला विसरू नका, नाहीतर शॉर्ट होईल. कापलेली टोकं अशी जागेवर पक्की राहतात. आणि जोडावर सांधा कधीच येऊ द्यायचा नाही. आमच्या नकाशातले सगळे सांधे जोडापासून दूर आहेत ते यासाठीच.

फळीला वरून 6 मिलिमीटर प्लाय, बाजूच्या पट्ट्या 9 मिलिमीटर प्लायच्या. एमडीएफ स्वस्त असतं पण जड, आणि ओल लागली की फुगतं. आपल्याकडचं ऊनही विसरू नका. हिवाळ्याची पहाट आणि उन्हाळ्याची दुपार यात 30 अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात 90 सेंटीमीटरचा रूळ जवळपास अर्धा मिलिमीटर वाढतो. ती जागा दिली नाही तर रूळ उचलला जातो. प्रत्येक फळीवर मधे एक बारीक फट ठेवा, भर थंडीत रूळ टाकत असाल तर अर्धा मिलिमीटर पुरे.

वीज साधी आहे, 12 व्होल्ट डीसी. प्रत्येक फळीखाली दोन जाड तारा, लाल आणि काळी, आणि प्रत्येक रुळाच्या तुकड्याला त्यांच्यापासून एक बारीक तार. एका फळीतून दुसरीत वीज नेण्याचं काम रुळावर सोपवू नका, त्यासाठी प्लग लावा. प्लग असा घ्या की उलटा लागणारच नाही. अंधाऱ्या हॉलमध्ये, घाईत, आजूबाजूला पोरं गोळा झालेली असताना तुम्ही तो लावणार आहात.

पडद्यामागच्या फळीवर मी सांधे घातलेच नाहीत. तिथे आहेत दोन कॅसेट. 70 सेंटीमीटर लांब प्लायच्या पट्टीवर ॲल्युमिनियमचे दोन अँगल, मधे 9 मिलिमीटर अंतर. हाच रूळ. मनमाडला गेलेली गाडी कॅसेटवर येऊन थांबते. दोन्ही टोकांना अडसर लावायचा, अख्खी कॅसेट उचलायची, फिरवायची आणि परत ठेवायची. इंजिन पुन्हा दौंडच्या दिशेने पुढे! गाडीला बोटही लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला माल आहे, कुठेही मिळतो.

नेताना दुसरी आणि तिसरी फळी समोरासमोर तोंड करून ठेवायची, दोन्ही टोकांना प्लायच्या पाट्या स्क्रू करायच्या. मधे 15 सेंटीमीटर पोकळी राहते. एनमध्ये खरी 9 मीटर उंचीची गोष्ट साडेपाच सेंटीमीटरची होते, त्यामुळे पादचारी पूल, कडुनिंब, सिग्नल सगळं आत सुरक्षित. बाहेरून बघाल तर 90 बाय 30 बाय 33 चं एक खोकं. आतलं नाजूक जग कुणाला दिसत नाही आणि कुणाचा धक्काही लागत नाही. घरी असताना हे खोकं माळ्यावर, पहिली फळी कपाटामागे.

या दोन फळ्या रूळ टाकून तयार झाल्या तेव्हा मी त्या न्हावरे-चौफुला रस्त्याने दौंडला नेल्या. झाडं, घरं काहीच नव्हतं, नुसता पांढरा प्लाय आणि रूळ. अण्णांच्या पलंगासमोर टेबलावर मांडल्या. इंजिन सुटलं, बाजूने फिरलं, दुसऱ्या टोकाला लागलं. वीस सेकंद. मी त्यांच्याकडे बघितलं.

ते म्हणाले, "अरे, जोडलं कुणी?"

मी म्हटलं, "अण्णा, कपलिंगमध्ये चुंबक आहे. आपोआप जोडतं."

"ते कळलं. पण माणूस कुठाय? दोन बफरांच्या मधे माणूस शिरतो, तेव्हा इंजिन हलत नाही. तो बाहेर येऊन हात करतो, मग हलतं. वीस सेकंदात फिरलं तर ते दौंड नाही, खेळणं झालं."

मंडळी, नकाशात त्या दिवशी एक गोष्ट वाढली. सुटताना आणि जोडताना, दोन्ही वेळा इंजिन पूर्ण थांबणार. चालवणारा तीस मोजणार. तेवढा वेळ प्लॅटफॉर्मच्या टोकाला एक सेंटीमीटर उंचीचा माणूस उभा दिसणार, हिरवा झेंडा हातात. तो माणूस बसवायची जागा अण्णांनी स्वतः पेन्सिलने खूण करून दिली. नंतर कंट्रोलर त्यांच्या हातात दिला तर त्यांनी तीन वेळा इंजिन फिरवलं, आणि तिन्ही वेळा तोंडातल्या तोंडात तीसपर्यंत मोजलं.

एवढीही जागा नसेल तर? ॲलन राइट नावाच्या इंग्रज मॉडेलकाराचा इंगलनूक म्हणून एक आराखडा आहे. तीन सायडिंग, एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघींत तीन-तीन. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्यांतून पाच काढायच्या आणि त्याच क्रमाने पाच वाघिणींची मालगाडी लावायची. आठ वाघिणी 40,320 वेगवेगळ्या क्रमांनी उभ्या राहू शकतात, त्यामुळे खेळ लवकर शिळा होत नाही. एनमध्ये हे सगळं साधारण एक मीटरच्या फळीवर बसतं. दौंडचं यार्ड म्हणून खुशाल रंगवा.

माझं पुढचं काम ठरलंय. झाडं, पिवळी पाटी, चहाचा स्टॉल आणि प्लॅटफॉर्मवर डब्यातून उतरून वाट बघत उभे असलेले लोक. पुढे कधी मोठी खोली मिळाली तर सोलापूरच्या बाजूने चौथी फळी लागेल, तिचे डॉवेल मी आजच तिसऱ्या फळीच्या टोकाला बसवून ठेवलेत. मग कर्नाटक एक्सप्रेस इंजिन न फिरवता सरळ जाईल.

तुमचं काम आजचं एवढंच. टेप घ्या. भिंत मोजा, जिना मोजा, आणि तुमच्या गावच्या स्टेशनवर गाडी असं काय करते जे दुसरीकडे होत नाही, ते एका ओळीत लिहा. कुर्डुवाडी असेल, मिरज असेल, मनमाड असेल. ही तीन उत्तरं मला पाठवा, पुढच्या भागात त्यातल्या दोन-तीन जागांचा नकाशा आपण मिळून काढू. तोवर, सांधा सांभाळा. भेटूच.